डेटा सेंटर आणि डेटा वेअरहाऊस : मोहनेच्या नाक्यापासून जातनिहाय जनगणनेपर्यंत

मागच्या महिन्यात मोहनेच्या विहारात तरुणांची बैठक होती. विषय होता येणारी जनगणना. आंबिवली स्टेशनहून चालत आलेला एक मुलगा, जो भिवंडीच्या एका गोदामात हातात स्कॅनर घेऊन रात्रपाळी करतो, त्याने मध्येच विचारले, "दादा, डेटा सेंटर आणि डेटा वेअरहाऊस एकच ना? वेअरहाऊस म्हणजे गोदाम. मी गोदामातच कामाला आहे. मग डेटाच्या गोदामात आपल्या पोरांना काम मिळेल का?" काही जण हसले. मी हसलो नाही, कारण त्याच्या प्रश्नात आपल्या चळवळीचा एक जुना प्रश्न दडलेला होता आणि त्याचे उत्तर मलाही तिथल्या तिथे नीट देता आले नाही. म्हणून हा लेख.

आधी मोहनेचे बोलू. या गावाला गोदाम हा शब्द नवा नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागे इथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे आपली एनआरसी, उभी राहिली. शेजारी उल्हास नदीचे पाणी, जवळ रेल्वे, पलीकडे मुंबईची बाजारपेठ. रेयॉनचा धागा, टायरचा दोर, रसायने. राज्यातून आणि परराज्यांतून आलेली हजारो कुटुंबे या एका भोंग्यावर उठत आणि झोपत होती. २००९ मध्ये कंपनीला टाळे लागले. कामगारांची देणी वर्षानुवर्षे कोर्टकचेरीत फिरत राहिली, जमीन दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अदानी समूहाकडे गेली, वसाहतीतल्या इमारती पाडल्या गेल्या. मग चर्चा आली लॉजिस्टिक पार्कची, म्हणजे गोदामांची. २०२५ मध्ये त्याच जागेवर अंबुजाच्या सिमेंट ग्राइंडिंग प्रकल्पासाठी जनसुनावणी झाली आणि आसपासच्या गावांनी त्याला जोरदार विरोध केला. म्हणजे कारखाना गेला, त्याच्या जागी काय यावे हे ठरवताना ज्यांनी तिथे घाम गाळला त्यांना कोणी विचारले नाही. विचारले ते शेवटी, सुनावणीच्या मंडपात.

आणि दुसरीकडे, कल्याण-शीळ रस्त्याने डोंबिवलीच्या पुढे पलावाकडे जा. तिथे डेटा सेंटरसाठी जमिनींचे व्यवहार झाले आहेत. २०२५ मध्ये राज्य सरकार आणि लोढा समूह यांच्यात डेटा सेंटर पार्कसाठी ३० हजार कोटी रुपयांचा सामंजस्य करार झाला. ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जिथे एकेकाळी रसायनांच्या कारखान्यांच्या चिमण्या होत्या, तिथे आता खिडक्या नसलेल्या उंच इमारती उभ्या आहेत. या इमारती म्हणजे डेटा सेंटर.

डेटा सेंटर ही एक जागा आहे. चार भिंती, आत रांगेने लावलेली कपाटे, कपाटांत सर्व्हर, त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा, वीज गेली तर चालू होणारे डिझेल जनरेटर आणि दारावर पहारा. बँकेचा व्यवहार, तुमच्या मोबाईलमधला फोटो, रेल्वेचे तिकीट, सिनेमा, सगळे कुठल्या तरी अशा कपाटात बसलेले असते. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल येतात, म्हणून या इमारती इथे गर्दी करतात. त्यांची क्षमता चौरस फुटांत कमी आणि मेगावॉटमध्ये जास्त सांगितली जाते, यावरूनच कळावे की त्यांचे खरे खाणे वीज आहे. पाणीही लागते, कारण तापलेली यंत्रे थंड करावी लागतात. आणि माणसे? उभारताना बरीच. उभी राहिल्यावर थोडी. रेयॉनच्या खात्यांत जेवढे हात लागत होते त्याच्या जवळपासही नाही. तेव्हा मित्रांनो, डेटा सेंटर आले की पोरांना कामे, हे गाजर कोणी दाखवले तर आधी विचारा : किती, कोणती, कायम की कंत्राटी?

डेटा वेअरहाऊस मात्र जागा नाही. ती एक रचना आहे. तिला गोदाम म्हणणे फसवे आहे, कारण गोदामात माल येतो आणि जातो; इथे आलेले जात नाही. १९८८ मध्ये आयबीएमच्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी एका लेखात ही कल्पना मांडली. १९९२ मध्ये बिल इनमन यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले आणि तिचे चार गुण सांगितले. माझ्या शब्दांत सांगतो. माहिती विषयावार लावलेली असावी. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली माहिती एका मापात आणलेली असावी. प्रत्येक नोंदीला काळ असावा, म्हणजे कालचे आणि आजचे दोन्ही दिसावे. आणि एकदा नोंदलेले मागून पुसले जाऊ नये.

शिष्यवृत्तीचे उदाहरण घ्या, आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. तुम्ही पोर्टलवर अर्ज भरता, तो कॉलेजच्या लॉगिनला अडकतो, मग जिल्ह्याला, मग पैसे येतात किंवा येत नाहीत. "माझा अर्ज कुठे आहे?" याचे उत्तर देणारी ती रोजच्या व्यवहाराची यंत्रणा, आणि ती कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये चालते. पण "गेल्या दहा वर्षांत कल्याण तालुक्यातल्या बौद्ध मुलींचे किती अर्ज कुठल्या टप्प्यावर अडले, किती महिने अडले, आणि त्यातल्या किती जणींनी शिक्षण सोडले?" याचे उत्तर त्या यंत्रणेत नसते. त्यासाठी शिष्यवृत्तीची, प्रवेशाची आणि निकालाची माहिती एकत्र जोडून, साफ करून, वर्षावार ठेवावी लागते. तेच वेअरहाऊस. पहिला प्रश्न एका विद्यार्थ्याचा असतो. दुसरा समाजाचा. सत्तेला पहिल्या प्रश्नाची भीती वाटत नाही.

माझ्या पुतणीचा अर्ज एका वर्षी असाच सात महिने अडकला. कारण काय, तर एका कागदावर "नवबौद्ध", दुसऱ्यावर "बौद्ध" आणि तिसऱ्यावर "महार". संगणकाला वाटले या तीन वेगळ्या मुली. कार्यालयातल्या बाईंनी तिलाच उलट विचारले, नक्की तुम्ही कोण?

हा प्रश्न या देशाने आपल्याला शंभर वर्षे विचारला आहे. आणि म्हणून मी म्हणतो की डेटा वेअरहाऊसचा इतिहास अमेरिकेत सुरू होत असला तरी आपल्यापुरता तो जनगणनेत सुरू होतो. खरे तर अमेरिकेतही तो तिथेच सुरू झाला. १८९० च्या अमेरिकी जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथ यांनी भोके पाडलेल्या कार्डांचे मोजणी यंत्र बनवले; त्यांची कंपनी पुढे ज्या कंपनीत विलीन झाली तिचे नाव १९२४ मध्ये आयबीएम झाले. आपल्याकडे तेव्हा यंत्रे नव्हती. १९०१ पासून प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी लिहून त्या चिठ्ठ्या हातांनी खणांत वाटल्या जात. कुठली चिठ्ठी कुठल्या खणात, हा सगळा खेळ.

तो खेळ किती गंभीर होता हे बाबासाहेबांनी सगळ्यांच्या आधी ओळखले. १९११ च्या जनगणनेत हिंदू म्हणवल्या जाणाऱ्या जाती तपासायला दहा कसोट्या लावल्या गेल्या : ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व मानतात का, देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश आहे का, विटाळ होतो का, वगैरे. त्यातून अस्पृश्यांचा आकडा वेगळा दिसू लागला. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमावरच्या आपल्या ग्रंथात या कसोट्यांची दखल घेतली आहे. पुढे १९३२ मध्ये लोथियन समितीपुढे मताधिकाराचा प्रश्न आला, बाबासाहेब समितीचे सदस्य होते. आणि तिथे एक चमत्कार घडला. जोवर अस्पृश्यांच्या संख्येला राजकीय किंमत नव्हती तोवर कोणाला तिची अडचण नव्हती. जागा त्या संख्येवर ठरणार असे दिसताच काही प्रांतांच्या समित्यांनी अस्पृश्य आमच्याकडे जवळजवळ नाहीतच, असे सांगायला सुरुवात केली. संयुक्त प्रांतात जनगणनेचा आकडा कोटीच्या वर होता, तो प्रांतिक समितीने काही लाखांवर आणला. माणसे तीच, गावे तीच, गावकुसाबाहेरची वस्ती तीच. फक्त खण बदलला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुणे करार झाला आणि प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा ठरल्या. बंगालला त्यातल्या ३० मिळाल्या, सिंधसह मुंबई इलाख्याला १५. संख्येचे भांडण आकड्यांसाठी नव्हते, या जागांसाठी होते.

१९३१ ची जनगणना ही सर्व जातींची मोजणी छापून बाहेर आलेली शेवटची. १९४१ मध्ये युद्धाचे आणि खर्चाचे कारण झाले. १९५१ पासून फक्त अनुसूचित जाती आणि जमाती मोजल्या गेल्या. बाकीच्या जाती खानेसुमारीतून गायब, पण सातबाऱ्यातून, लग्नाच्या जाहिरातींतून आणि मंत्रिमंडळातून नाही.

आता महाराष्ट्राची आकडेवारी बघा, आणि इथे जरा थांबा, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. मधे काय झाले हे वाचकांना सांगायची गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६ झाला. पण केंद्राच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस हिंदू (आणि १९५६ नंतर शीख) असायला हवा होता. म्हणजे ज्याने अभिमानाने "बौद्ध" लिहिले तो अनुसूचित जातीच्या खणातून बाहेर पडला. महाराष्ट्र शासनाने १९६० पासून नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, केंद्राने मात्र नाही. १९९० मध्ये कायदा बदलला आणि बौद्धांचा समावेश झाला. परिणाम असा : १९८१ मध्ये महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते, १९९१ मध्ये ते ११ टक्के झाले. संख्या ४५ लाखांच्या आसपासवरून ८७ लाखांच्या पुढे गेली.

दहा वर्षांत दुप्पट! आकड्याखालचा इतिहास ज्याला ठाऊक नाही तो काय म्हणेल? मी स्वतः एका चर्चेत ऐकले आहे : "यांची लोकसंख्या बघा कशी वाढते." कोणाचीही लोकसंख्या तशी वाढली नव्हती. व्याख्या बदलली होती. नीट बांधलेल्या वेअरहाऊसमध्ये आकड्याबरोबर त्याची व्याख्याही तारखेसह ठेवतात. १९९० ला खणाची सीमा बदलली, अशी नोंद आकड्याला चिकटलेली असते. ती नोंद नसेल तर जगातले सगळ्यात महागडे डेटा सेंटरसुद्धा तुम्हाला तो खोटा निष्कर्ष क्षणार्धात काढून देईल. यंत्र वेगवान असल्याने खोटेही वेगाने पसरते, एवढाच फरक.

आता २०११ कडे या. त्या वर्षी सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणना सुरू झाली. घरोघरी जाऊन, हातात टॅब्लेट घेऊन. म्हणजे यंत्रे होती, साठवण्याची जागा होती, पैसा होता. जातीची आकडेवारी मात्र आजवर प्रसिद्ध झाली नाही. ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांमधील ओबीसी आरक्षणाबाबत सांगितले की आधी आयोग नेमा, अनुभवजन्य माहिती गोळा करा, पन्नास टक्क्यांची मर्यादा पाळा. राज्य सरकार २०११ ची आकडेवारी मागायला न्यायालयात गेले. केंद्राने प्रतिज्ञापत्रात सांगितले की ती माहिती वापरण्याजोगी नाही. १९३१ मध्ये देशात ४,१४७ जाती होत्या, इथे ४६ लाखांहून अधिक नावे आली. एकट्या महाराष्ट्रात यादीतल्या जाती ४९४ आणि लोकांनी सांगितलेली नावे ४ लाख २८ हजारांच्या पुढे. केरळातल्या मापिलांचे स्पेलिंग चाळीस तऱ्हांनी लिहिले गेले आणि त्याच्या चाळीस जाती झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये राज्याची याचिका फेटाळली गेली.

हे ऐकून आपलेही काही लोक म्हणाले, बघा, जात मोजताच येत नाही. चूक. माझ्या पुतणीचे जे झाले तेच देशाचे झाले : नवबौद्ध, बौद्ध, महार, तीन स्पेलिंग, तीन मुली. हा मोजणीचा दोष नाही, मोजणीच्या आधी न केलेल्या कामाचा आहे. जातींची, पोटजातींची, स्थानिक नावांची एक प्रमाण यादी करायची, प्रत्येकीला अंक द्यायचा, आणि घरोघरी जाणाऱ्या माणसाने नाव लिहायचे नाही, अंक निवडायचा. वेअरहाऊस बांधणारा कुठलाही कारागीर पहिल्या दिवशी हेच करतो. बिहारने २०२३ मध्ये नेमके हे केले. दोनशेच्या वर जातींना अंक दिले, मोजणी केली आणि २ ऑक्टोबरला आकडे जाहीर केले. केंद्राला २०१५ मध्ये माहितीचे वर्गीकरण करायला अरविंद पनगढिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर करता आली, पण तिचे बाकीचे सदस्य नेमले गेले नाहीत म्हणून ती कधी बसलीच नाही. डेटा सेंटर होते. वेअरहाऊस होऊ दिले नाही. हे तांत्रिक अपयश आहे असे ज्यांना मानायचे आहे त्यांनी मानावे.

त्याची किंमत मोहनेनेही मोजली. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हातात राहिला. कोविड, प्रभागरचना अशी कारणे होतीच. पण आरक्षणाच्या आकडेवारीचा घोळ त्यातले मोठे कारण होते. एनआरसीच्या जमिनीचे मोठे निर्णय होत असताना या भागाला निवडून दिलेला नगरसेवक नव्हता. आकडे नसणे म्हणजे काय, ते हे.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मी हलका समजत नाही. माहिती आपल्याविरुद्धही वापरली जाते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजांची नोंद पोलिसांच्या वहीत केली. कायदा १९५२ मध्ये गेला, वही लोकांच्या डोक्यातून गेली नाही. नाझी जर्मनीने १९३३ ची जनगणना हॉलरिथच्याच यंत्रांवर मोजली आणि ज्यूंचे पुढे काय झाले ते जग जाणते. तेव्हा एका माणसाचे नाव, घर, जात कोणालाही दिसेल असे वेअरहाऊस आपल्याला नको. हवे आहेत गटाचे आकडे : तालुक्याप्रमाणे, जातीप्रमाणे, वर्षाप्रमाणे. नावे कुलूपबंद, बेरजा उघड्या. आज उलटे होताना दिसते. कंपन्यांकडे आपली नावे, फोन, खरेदी सगळे आहे, आणि नागरिकाने बेरीज मागितली तर खासगीपणाचे कारण पुढे येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातले कलम बदलले, ते ज्यांनी कधी लाभार्थ्यांच्या याद्या मागितल्या आहेत त्यांनी काळजीपूर्वक वाचावे.

बाबासाहेबांचे नाव घेऊन डेटा सेंटरला सरसकट विरोध करणारेही भेटतात. त्यांना आठवण करून देतो की बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते तेव्हा वीज आणि पाणी त्यांच्याच खात्यात होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांनी वीजविकासाच्या धोरण समितीपुढे भाषण केले आणि वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न सुरुवातीलाच टेबलावर ठेवला. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच काळात झाले, दामोदर खोऱ्याची पायाभरणीही. स्वस्त आणि मुबलक वीज हवी, कारण तिच्याशिवाय कारखाने नाहीत आणि कारखान्यांशिवाय गरिबी हटत नाही, असे त्यांचे म्हणणे. यंत्राला त्यांचा विरोध कधीच नव्हता. यंत्र कोणाचे आणि वीज कोणासाठी, हे ते विचारत. पलावाच्या इमारतींना किती मेगावॉट, कुठल्या नदीचे किती पाणी, आणि त्याच वेळी मोहनेच्या बंधाऱ्यावरून पाणी उचलणाऱ्या शहरातल्या आपल्या वस्त्यांना आठवड्यात किती दिवस, हा प्रश्न त्याच वंशातला आहे. तो विचारायचा तर आपल्याकडे पाण्याचे वर्षावार आकडे हवेत. पुन्हा वेअरहाऊस.

३० एप्रिल २०२५ ला केंद्राने येत्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला. मोजणीचा संदर्भदिन १ मार्च २०२७. ही पहिली डिजिटल जनगणना असेल, असे अभिमानाने सांगितले जाते. डिजिटल म्हणजे ती डेटा सेंटरमध्ये जाणार एवढेच. आपण विचारायचे ते वेगळे. जातींची प्रमाण यादी मोजणीआधी लोकांपुढे ठेवणार का? बौद्ध धर्म आणि मूळ अनुसूचित जात हे दोन रकाने एकमेकांशी जोडून आकडे छापणार का, की पुन्हा दोन वेगळ्या तक्त्यांत? पोटजातींचे अंक कोण ठरवणार? आपल्या कार्यकर्त्यांनी या काळात दारोदार जाऊन एवढे तरी सांगावे की धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात प्रमाणपत्रावर आहे तीच जात, तेच स्पेलिंग, घरातल्या सगळ्यांचे एकसारखे.

त्या रात्री बैठक संपता संपता मी त्या मुलाला विचारले, तुझे वडील कुठे कामाला होते? एनआरसीत, स्पिनिंग खात्यात. त्यांची किती देणी बाकी? त्याला माहीत नव्हते. शेजारच्यालाही नव्हते. मग दोनशे पानी वही काढली. नाव, खाते, लागल्याचे साल, बाकी रक्कम, क्वार्टर पाडल्याची तारीख, आता कुठे राहतात, मुले काय करतात. जातीचा रकाना ठेवायचा की नाही यावर अर्धा तास वाद झाला. एक म्हातारे काका म्हणाले, कामगार म्हणून आपण सगळे एक होतो, जात कशाला? त्यावर त्या मुलाने विचारले, काका, ॲसिडच्या खात्यात कोण होते आणि ऑफिसात कोण? रकाना ठेवला. आतापर्यंत एकसष्ट नावे झाली आहेत.